शेतातील गाणे आणि स्वस्त मोबाइल

गेल्या सुगीच्या तोंडावर आमच्या गावच्या शेतकरी मंडळापुढे एक सूचना आली. शेतात काम चालू असता मजुरांनी अथवा घरच्या तरुणांनी मोबाइलवर गाणी लावू नयेत, असा ठराव मंडळाने करावा, असे ती आणणाऱ्या वडीलधाऱ्या सभासदांचे म्हणणे होते. चर्चा लांबली आणि ठराव पुढील बैठकीवर गेला. तो आहे त्या स्वरूपात मंजूर होऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तथापि त्यामागील काळजी निराधार आहे असेही आम्हांस म्हणवत नाही. म्हणून ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आमची स्वतःची साक्ष. आमची जमीन सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. धाकटे बंधू चेंबूरला खताच्या कारखान्यात नोकरीस होते. निवृत्तीनंतरही त्यांचे बिऱ्हाड तेथेच आहे. त्यामुळे वर्षातून एकदोन वेळा चेंबूरला जाणे घडते. २०१९ च्या दिवाळीस गेलो असता स्टेशनाजवळच्या एका दुकानातून बटनांचा एक साधा मोबाइल आम्ही विकत घेतला. किंमत दीड हजाराच्या आत. त्यात बोलणे होते, टॉर्च आहे, रेडिओ आहे, आणि नखाएवढे मेमरी कार्ड बसविले म्हणजे हवी ती गाणी वाजतात. पुतण्या हसून म्हणाला, “काका, हा फोन आता कोण घेतो?” आम्ही उत्तर दिले नाही. तो फोन पुढे दोनदा पाटात पडला, एकदा कडब्याच्या गंजीत रात्रभर राहिला, आणि आजही चालू आहे. एकदा चार्ज केला की तीनचार दिवस पुरतो. ज्यांच्या शिवारात वीज रात्रीच येते आणि रात्रीच जाते, त्यांस ह्या गुणाचे मोल सांगावयास नको.

चेंबूर हे नाव शेतकऱ्यास परके नाही. ‘सुफला’ व ‘उज्ज्वला’ ह्या खतांची पोती ज्या कारखान्याची, तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना तेथलाच. शेजारीच तुर्भ्यास भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ‘टीएजी २४’ हे भुईमुगाचे वाण तेथून निघाले. त्याच चेंबूरात १९४८ साली आर. के. स्टुडिओ उभा राहिला. २०१७ साली त्यास आग लागली, २०१९ साली ती जागा विकली गेली, आणि आज तेथे स्टुडिओ उरलेला नाही. परंतु तेथे चित्रित झालेल्या चित्रपटांची गाणी ज्वारीच्या काढणीत आमच्या बांधावर वाजतात. खत आले, बी आले, तसे गाणेही आले. पैकी पहिल्या दोहोंचे स्वागत करावयाचे आणि तिसऱ्यास शेताबाहेर काढावयाचे, हे आम्हांस उमजत नाही.

गाणे शेतापर्यंत येण्यास किती काळ लागला ह्याचा हिशेब मनोरंजक आहे. मुंबईस रेडिओचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पण पुढील कित्येक वर्षे रेडिओ ही गावातील एखाद्याच वाड्यातील वस्तू होती. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. आज चार गिगाबाइटच्या कार्डात, मिनिटास सुमारे एक मेगाबाइट जागा धरली, तरी पाच मिनिटांची आठशे गाणी बसतात. एवढे ऐकण्यास पूर्वी साडेसहाशेहून अधिक तबकड्या लागल्या असत्या, आणि त्या वाहण्यास बैलगाडी जुंपावी लागली असती! फोनच्या किमतीचेही तेच. २००३ साली निघालेल्या नोकिया ११०० ह्या टॉर्चच्या फोनाने धुळीत टिकणारे यंत्र गरिबाच्या हाती दिले. त्याचे पंचवीस कोटींवर नग जगभर खपले. पण त्यात गाणे नव्हते. २०१७ साली जिओफोन दीड हजार रुपये अनामतीवर मिळू लागला आणि २०२३ साली जिओभारत ९९९ रुपयांस आला. ह्या दोहोंत गाणेही आहे. आता गाणे ऐकण्यास श्रीमंती लागत नाही. आणि जी गोष्ट मजुरास परवडू लागली तिच्यावरच प्रथम बंदी सुचावी, ह्याचा आपण मालक मंडळींनी अंतर्मुख होऊन विचार करावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, गाण्याने कामाचा वेग मंदावतो. आमचे आजोबा हे ऐकून चकित झाले असते. कापणीस भलरी होती, मोटेवर गाणे होते, आणि पहाटे जात्यावर ओवी होती. गाण्यावाचून काम ही आपली रीत कधीच नव्हती. मात्र एक भेद प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. भलरीचा ताल विळ्याच्या हाताशी बांधलेला असे; एकाने उचलावी, इतरांनी झेलावी, आणि सर्वांच्या ओळी बरोबर पुढे सरकाव्या. मोबाइलचे गाणे कामाचा वेग जाणत नाही, आणि ते ऐकणाऱ्यास गावेही लागत नाही. तेव्हा ते भलरीची जागा घेते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु भलरी बंद पडली ती मोबाइलमुळे नव्हे. तीस माणसांची पात मोडली तेव्हाच ती थांबली. आज चार बाया खुरपणीस येतात. त्यांच्यामध्ये बांधावर एक फोन मंद आवाजात वाजत असेल, तर दुपारचे ऊन थोडे सुसह्य होते, एवढेच. तेवढेही पुष्कळ आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. दोन्ही कानांत इअरफोन घालून शेतात वावरणे हा जिवाशी खेळ आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शेतात ट्रॅक्टरची ट्रॉली मागे येत होती आणि आमचा मुलगा तिच्याकडे पाठ करून पोती रचीत होता. आम्ही तीन वेळा हाक मारली. त्याने मान वळविली नाही, कारण दोन्ही कानांत गाणे होते. शेजारच्या गड्याने त्याचा दंड धरून ओढले म्हणून तो आज आहे. त्या दिवसापासून आमच्या शेतात इअरफोन वर्ज्य आहे, गाणे नव्हे. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, विहिरीवरील मोटर, गवतातील फुरसे, ह्या सर्वांची पहिली सूचना कानालाच मिळते. शिवाय कानाचे आरोग्यही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंतच सुरक्षित समजावा. छत नसलेल्या ट्रॅक्टरचा आवाज बहुधा ह्याहून मोठा. त्यावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज वाढविला, तर बहिरेपण आपण होऊन विकत घेतल्यासारखे होय.

तिसरा आक्षेप तरुणांचा, आणि तो उलट दिशेने येतो. त्यांच्या मते बटनांचा फोन आता निरुपयोगी आहे. ह्यात अर्धे सत्य आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढून पाठवावे लागते. ते काम साध्या फोनाचे नव्हे. परंतु एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. तेव्हा घरात किंवा भावकीत एक मोठा फोन असला म्हणजे ते काम भागते. उलट किसान कॉल सेंटर पाहा. २००४ च्या जानेवारीपासून चालू असलेली ही सेवा विनामूल्य आहे, १८००-१८०-१५५१ ह्या क्रमांकावर आपल्या भाषेत उत्तर मिळते, आणि तीस बटनांचा फोन पुरतो. पुण्याचे संतोष ओस्तवाल ह्यांनी काढलेले ‘नॅनो गणेश’ हे उपकरणही साध्या फोनावरून विहिरीची मोटर चालू-बंद करते. मात्र रेडिओच्या बाबतीत एक उणीव वाचकांनी ध्यानात ठेवावी. ह्या फोनांत एफ. एम. लागते, मध्यम लहरी लागत नाहीत. आणि पुष्कळ फोनांत इअरफोनची वायर जोडल्याशिवाय एफ. एम.ही नीट लागत नाही, कारण ती वायरच एरियलचे काम करते. ती जोडावी, आवाज फोनच्या स्पीकरवर घ्यावा, आणि कान मोकळे ठेवावे. फोनांत एफ. एम. असावेच असा सल्ला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये उत्पादकांस दिला आहे; संकटकाळी जेथे इंटरनेट पोहोचत नाही तेथे रेडिओ पोहोचतो, हे त्याचे एक कारण आहे.

आता आमच्या मनातील शेवटची गोष्ट. ह्या फोनात गाणे वाजविण्याच्या सोयीप्रमाणेच आवाज टिपून ठेवण्याचीही सोय आहे. फोन घरी आणला तेव्हा मातोश्री हयात होत्या. ओसरीवर तो वाजू लागला की त्या निवडण्याचे सूप बाजूला ठेवून ऐकत. एके दिवशी म्हणाल्या, “ह्यात माझीपण एक ओवी घाल की.” आम्ही म्हणालो, “घालू, पेरणी उरकू दे.” पेरणी उरकली, मग कोळपणी आली, मग काढणी. दोन वर्षांनी त्या निवर्तल्या. कार्डात आठशे गाणी आहेत आणि त्यांत आईचे एकही नाही. बटन दाबण्यापलीकडे काही करावयाचे नव्हते.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर ह्यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या. ते काम फार मोठे आहे. पण प्रत्येक घरची ओवी त्यात आली असेल असे नाही, आणि आपल्या आईचा आवाज तर आपणच जपावयाचा आहे. ज्यांच्या घरी अद्याप गाणारे माणूस आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवताच तेवढे एक काम करावे.

म्हणून येत्या बैठकीत मूळ ठरावास आम्ही उपसूचना देणार आहोत. शेतात गाणे लावण्यास मंडळाची हरकत नसावी. मात्र यंत्र, जनावर किंवा विहीर जवळ असता इअरफोन कोणीही घालू नये, आणि हा नियम मजुराइतकाच मालकाच्या मुलासही लागू असावा. फवारणी व मळणी चालू असता फोन बंद ठेवावा. आणि भलरी, ओव्या, मोटेवरची गाणी ज्यांस येतात त्यांचे गाणे गावातील तरुणांनी आपापल्या फोनात टिपून मंडळाच्या कार्यालयात एका कार्डावर जमा करावे. एवढे झाले तर ज्या यंत्राने आपले गाणे बंद पाडले असा आरोप आहे, तेच यंत्र ते गाणे नातवंडांपर्यंत पोहोचवील. सभासदांनी ह्याचा विचार करावा, अशी विनंती आहे.