नव्या झुरळाचे बारसे आणि आपले आरोग्य

"काय ओ डॉक्टर, पुण्याला नवं झुरळ सापडलंय म्हणं. चावतंय काय ते?" चंदगडच्या बाह्यरुग्ण विभागात दम्याचे औषध न्यायला आलेल्या एका आजींनी विचारले. नातवाने मोबाइलवर बातमी वाचून दाखवली होती. शेजारच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "आहेत ती झुरळं कमी पडली काय, म्हणून आणि नवं शोधलं?" सगळे हसले. पण दोन्ही प्रश्न विचार करण्यासारखे आहेत. नवे झुरळ म्हणजे काय, त्यापासून आपल्याला काही धोका आहे का, आणि सरकारी पगारावर शास्त्रज्ञांनी झुरळांना नावे का देत बसावे, याची सरळ उत्तरे द्यायला हवीत.

बातमी अशी. २०२५ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील शास्त्रज्ञांनी झुरळाच्या एका नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात सापडलेल्या या कीटकाचे नाव 'निओलोबोप्टेरा पेनिन्सुलॅरिस'. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'द्वीपकल्पातला'. शरीररचनेच्या जोडीला डीएनएचा आधार घेऊन ही ओळख पक्की करण्यात आली.

यातला 'नवा' हा शब्द घोटाळा करतो. हे झुरळ काल जन्माला आलेले नाही, परदेशातून आलेले नाही आणि औषधांना पुरून उरलेली घरच्या झुरळाची सुधारित आवृत्तीही नाही. ते इथेच होते, पाचोळ्यात आपले काम करत होते. फक्त विज्ञानाच्या वहीत त्याची नोंद नव्हती. गावात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाचे नाव मतदारयादीत आज चढावे, तसा हा प्रकार आहे.

ही नोंद करणे मात्र सोपे नसते. कीटक सापडला की आधी त्या गटातील आजवर वर्णन झालेल्या प्रजातींशी तो ताडून पाहावा लागतो. मानेवरच्या ढालीसारख्या कवचाचा आकार, पंखांची लांबी, पायांवरचे काटे हे सगळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. अनेक झुरळे वरून इतकी सारखी दिसतात, की नराच्या जननेंद्रियांची रचना उकलून पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. अलीकडे त्याला डीएनए बारकोडची जोड मिळाली आहे. पेशीतील एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि जवळच्या प्रजातींशी त्याची तुलना करायची, ही पद्धत २००३ पासून रुळली. फरक पुरेसा आणि सातत्याने दिसला, तरच नवी प्रजाती म्हणता येते.

मग येते नाव. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव नंतर असते, तसेच हे दोन शब्दांचे नाव. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या प्रजातीचा. ज्या एका नमुन्यावरून वर्णन केले तो आदर्श नमुना म्हणून कायमचा जपून ठेवावा लागतो. उद्या कुणी शंका घेतली, तर तोच साक्षीदार. आपल्याकडे जैवविविधता कायदा, २००२ च्या ३९व्या कलमानुसार नव्या प्रजातीचा असा नमुना अधिकृत भांडारात जमा करणे बंधनकारक आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था प्राण्यांच्या नमुन्यांचे असेच एक मोठे भांडार सांभाळते.

आता आजींच्या प्रश्नाकडे. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक प्रजातींची नोंद आहे. त्यांपैकी माणसाच्या घरात बिऱ्हाड करणाऱ्या जेमतेम तीसेक. बाकीची सगळी रानात, झाडांच्या साली आणि पाचोळ्याखाली राहतात. सडका पाला खाऊन त्याचे खत करतात आणि बेडूक, सरडे, पक्ष्यांच्या पोटात जातात. आपल्या तिलारीच्या जंगलात पायाखाली जी काळी, भुसभुशीत माती लागते, तिच्यात यांच्याही कष्टाचा वाटा आहे. रानातल्या झुरळाला आपल्या स्वयंपाकघरात रस नसतो. तेव्हा त्याच्या बातमीने घाबरण्याचे कारण नाही.

आणखी एक गंमत. जिला आपण 'पांढरी मुंगी' म्हणून मुंग्यांत ढकलतो, ती वाळवी खरे तर झुरळांच्याच घराण्यातली. जनुकांच्या अभ्यासातून हे स्पष्ट झाल्यावर २००७ च्या सुमारास वाळवीचा स्वतंत्र गण मोडून तिला झुरळांच्या गणात आणण्याची शिफारस झाली आणि आता ती सर्वमान्य आहे. वर्गीकरण म्हणजे कपाटातली रचलेली खेळणी नव्हेत. पुरावा बदलला की नाती बदलतात.

नावेही फसवतात. आपल्या मोरीत रात्री फिरणारे मोठे तांबूस झुरळ 'अमेरिकन' म्हणून ओळखले जाते, पण ते मूळचे आफ्रिकेतले. फ्रिजमागे आणि गॅसच्या शेगडीखाली दडणारे लहान, मानेवर दोन काळ्या रेघा असलेले झुरळ 'जर्मन'. १७६७ मध्ये लिनियसने त्याला हे नाव दिले. २०२४ मध्ये १७ देशांतील २८१ झुरळांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की ही प्रजाती सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरातील एका रानटी झुरळापासून वेगळी झाली. शेते आणि वस्त्या वाढल्या तसे ते माणसाच्या आसऱ्याला आले, पुढे व्यापाऱ्यांच्या सामानातून पश्चिमेकडे आणि कंपन्यांच्या जहाजांतून पूर्वेकडे गेले आणि युरोपात पोहोचले ते जेमतेम पावणेतीनशे वर्षांपूर्वी. म्हणजे ज्याला आपण जर्मन म्हणतो, तो आपल्याच भागातला निघाला.

घरातल्या या दोन झुरळांचा मात्र आरोग्याशी थेट संबंध आहे. ती चावण्याची भीती किरकोळ आहे. घाणीतून अन्नावर जंतू वाहून आणणे हा त्यांचा परिचित अपराध. त्याहून कमी माहीत असलेला अपराध म्हणजे दमा. त्यांची लाळ, विष्ठा आणि टाकलेली कात सुकून धुळीत मिसळते आणि श्वासावाटे आत जाते. १९९७ मध्ये अमेरिकेतील आठ शहरी भागांतल्या ४७६ दमेकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ३७ टक्के मुलांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती. ज्यांना अ‍ॅलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचे अंशही भरपूर होते, त्यांच्यावर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा आली. चंदगडसारख्या धो-धो पावसाच्या तालुक्यात महिनोन् महिने दारे-खिडक्या बंद असतात, ओल सुकत नाही. धाप लागली की आपण थंडीला आणि धुराला दोष देतो. तो खराच असतो, पण कपाटामागेही एकदा बघायला हवे.

इथेही प्रजाती ओळखणे उपयोगी पडते. अमेरिकन मादी अंड्यांची कुपी लवकरच कोपऱ्यात चिकटवून मोकळी होते आणि एका कुपीत पंधराएक अंडी असतात. जर्मन मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिले बाहेर येण्याच्या वेळेपर्यंत अंगावर बाळगते. पहिलीचा बंदोबस्त मोरी आणि गटाराच्या जाळीपाशी होतो, दुसरीचा स्वयंपाकघरातल्या फटींत. सगळीकडे सरसकट फवारा मारून झुरळांपेक्षा घरातल्या दमेकऱ्यालाच जास्त त्रास होतो. रात्री खरकटे झाकणे, गळका नळ दुरुस्त करणे, फटी बुजवणे आणि फटींजवळ विषारी जेलचे ठिपके लावणे हे अधिक परिणामकारक. जेल मुलांच्या हाताला लागणार नाही असे लावावे. झुरळांच्या खडूच्या रेघा मुले रांगतात त्या फरशीवर ओढू नयेत.

आता दुसरा प्रश्न, नावे देण्याचा खटाटोप कशाला? वैद्यकाच्या इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे. युरोपात शंभर वर्षांपूर्वी एक कोडे होते. मलेरिया पसरवणारा म्हणून ठरवलेला डास अनेक ठिकाणी विपुल होता, पण त्यांतील काही ठिकाणी मलेरिया नव्हता. इटलीतले निवृत्त आरोग्य निरीक्षक दोमेनिको फालेरोनी डासांच्या अंड्यांकडे निरखून पाहत होते. १९२६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी आहे. एकाच नावाखाली दिसायला सारखे असे अनेक डास दडलेले होते. काही माणसाचे रक्त पसंत करणारे, काही गुरांचे. कोणता डास मारायचा हे त्यानंतर कळू लागले.

एवढ्या लांबही जायला नको. घाटाखालच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचा उद्रेक झाला. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञांनी विषाणू शोधला आणि मग प्रश्न आला की तो वाहतो कोण? जंगलातल्या गोचिडी वेचून, वेगवेगळ्या करून ओळखाव्या लागल्या. त्यात 'हिमाफायसालिस स्पिनिजेरा' ही मुख्य आरोपी ठरली. या शोधात काही गोचिडी अशा निघाल्या, की त्यांना नावच नव्हते. त्यांतल्या एकीचे वर्णन १९६४ मध्ये 'हिमाफायसालिस क्यासनूरेन्सिस' या नावाने झाले. काजूच्या हंगामात रानात जाताना अंगभर कपडे घाला, गोचीडरोधक मलम लावा, परतल्यावर अंग तपासा, मेलेल्या माकडाला हात न लावता कळवा, असे आज आम्ही सांगतो. या प्रत्येक वाक्यामागे त्या जुन्या नोंदवह्या आहेत.

सर्पदंशात हे आणखी तीव्रतेने जाणवते. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनलेली आहे. पश्चिम घाटातले चापडे त्या यादीत नाहीत. चापडा चावलेल्या रुग्णाला ही लस दिली तर उपयोग होत नाही, उलट लसीच्या रिअ‍ॅक्शनचा धोका पदरात पडतो. अशा वेळी सूज, रक्त गोठण्याची स्थिती आणि मूत्रपिंडे यांवर लक्ष ठेवून उपचार करावे लागतात. साप ओळखू आला, तर आमचा निर्णय सोपा होतो. याचा अर्थ साप मारून दवाखान्यात आणा असा नाही. सुरक्षित अंतरावरून फोटो काढता आला तर उत्तम, नाहीतर वेळ न दवडता निघा. साप दिसलाच नसेल, तर लक्षणांवरून उपचार होतात.

नाव मिळाल्याने प्राण्यालाही संरक्षण मिळते. शेजारच्या आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी, देवळाच्या कुंडात एक चिमुकला मासा पिढ्यान् पिढ्या होता. २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' म्हणून त्याचे वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तो परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केला. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याच्यासाठी शासन काही राखून ठेवू शकत नाही. माणसांच्या बाबतीतही आपण हेच अनुभवतो.

खरी काळजी आहे ती ही ओळख करून देणाऱ्या माणसांची. डीएनए वाचणारे यंत्र विकत घेता येते. पण वाचलेला तुकडा कुणाचा, हे सांगायला आधी कुणीतरी तो कीटक हातात घेऊन, ओळखून, नमुना जपून ठेवलेला असावा लागतो. कीटकांचे पाय मोजण्यात वीस वर्षे घालवणारा अभ्यासक तयार व्हायला वीस वर्षेच लागतात आणि त्या वाटेला जाणाऱ्या मुलांना घरचे पहिला प्रश्न विचारतात तो नोकरीचा. उद्या आपल्या घाटात एखादा अनोळखी ताप आला, तर रक्ताची तपासणी पुण्यात होईल. पण त्या रुग्णाला कोणती गोचीड, कोणता माइट, कोणती माशी चावली हे सांगणारे माणूस आपल्याला साथ आल्यावर घडवता येणार नाही. ते आधीच कुठेतरी, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या झुरळांवर काम करत असायला हवे.

आजींना मी एवढे सांगितले की पुण्याचे झुरळ चंदगडला येत नाही आणि चावतही नाही, पण तुमच्या शेगडीखालचे बघा. पुढच्या फेरीला त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "बारकी हाईत, मानेवर दोन रेघा हाईत." नातवाने बॅटरी लावून पाहिले होते. वर्गीकरणाचे पहिले काम त्यांच्या घरात झाले होते. दम्याचे औषध चालूच आहे. फटी बुजवायचे काम त्यांनी मुलाकडे दिले आहे.