रुईला मोकळीक, मजुराला शेरा

ब्रिटिश राजवटीत खामगावच्या बाजारातील रुईच्या गाठी मुंबई बंदरातून विलायतेच्या गिरण्यांत पोहोचत. त्या गाठींचे शिक्षण किती, असे कोणी विचारले नाही. आज त्याच बुलढाणा जिल्ह्यातील शेतमजुराचा मुलगा आखाती देशात कामास निघाला, तर त्याला मात्र हा प्रश्न विचारला जातो. मालाला सीमा खुल्या आणि श्रमाला बंद, हा भांडवलशाहीचा जुनाच न्याय. स्वतंत्र भारताच्या पारपत्रावरही तोच उमटावा, ही शरमेची गोष्ट होय.

1983 च्या उत्प्रवासन कायद्याच्या अंमलात पारपत्रधारकांचे दोन वर्ग पडले. दहावी उत्तीर्ण न झालेल्या मजुराच्या पारपत्रावर ‘तपासणी आवश्यक’ असा शेरा आला. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया आदी 18 देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्याने सरकारी अनुमती घ्यावी, असा दंडक झाला. मात्र तो आयकर भरत असेल, तर तपासणी माफ! म्हणजे ज्याच्या गाठीला पैसा, तो शहाणा. ज्याच्याजवळ केवळ दोन हात, तो संशयित. जानेवारी 2018 मध्ये तर अशा पारपत्रांना नारिंगी वेष्टन देण्याची घोषणा झाली. देशभर टीका उठली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ती मागे घ्यावी लागली. रंग टळला, भेद उरला.

हे सारे मजुराच्या संरक्षणासाठीच आहे, असे समर्थक म्हणतात. तपासणी नोकरीच्या व्हिसावर होते, म्हणून दलाल मजुराला पर्यटक म्हणून विमानात बसवतो. तेथे उतरताच तो कागदोपत्री कामगारच उरत नाही. मग वेतन बुडाले तरी दाद कोठे मागणार? शिवाय अनेक मालक आल्याआल्या त्याचे पारपत्रच काढून घेतात. ज्या संरक्षणातून पळवाट दलालाला मिळते आणि कोंडी मजुराची होते, त्याला संरक्षण कसे म्हणावे?

पारपत्राला बळ कोठून येते, हे इटलीकडे पाहिले म्हणजे कळते. इटलीच्या नागरिकाला आज पावणेदोनशेहून अधिक देशांत आगाऊ व्हिसा न काढता जाता येते. भारतीयाला साधारण त्याच्या एक-तृतीयांश देशांत. हे बळ इटलीला जन्मजात लाभलेले नाही. 1946 च्या कराराने त्या देशाने कोळशाच्या मोबदल्यात आपले गरीब मजूर बेल्जियमच्या खाणींत धाडले. 1956 मध्ये मार्सिनेल येथील खाणीत 262 कामगार मेले. त्यांत 136 इटालियन होते. पुढच्याच वर्षी रोमच्या तहात कामगारांच्या मुक्त संचाराचे तत्त्व लिहिले गेले. संचाराचा हक्क शेऱ्यांनी नव्हे, करारांनी मिळतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने 1983 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. त्या निमित्ताने मागण्या स्पष्ट मांडल्या पाहिजेत. शिक्षण व आयकर यांवर आधारलेला भेद रद्द व्हावा. तपासणी मजुराची नव्हे, दलालाची व मालकाची व्हावी. किमान वेतन आणि पारपत्र स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क यांच्या हमीवाचून कोणत्याही देशाशी मजूर पाठवण्याचा करार होऊ नये. मेहकर-लोणारच्या गावोगावी कार्यकर्त्यांनी ही गोष्ट समजावून सांगावी. पारपत्र हे सरकारचे दान नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे, आणि हक्काला इयत्ता नसते.