सगळ्यात देखणा कोंबडा विकू नका

वरंधच्या पट्ट्यात गावठी कोंबडी हा बायकांचा धंदा आहे; फक्त कुणी त्याला धंदा म्हणत नाही. घरचा पुरुष मुंबईत किंवा आखातात, शेती पावसाच्या चार महिन्यांची. मुलांच्या वह्या आणि दवाखान्यात जायचं गाडीभाडं अंड्यांतून निघतं. म्हणून या कोंबडीचं पुढे काय होणार, याकडे आपण तरुणांनी लक्ष द्यायला हवं, असं मला वाटतं.

आखातातून परतलेले मित्र मला ब्रॉयलरच्या शेडबद्दल विचारतात. करारात कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं देते. सहा आठवड्यांत दोन किलोचा पक्षी होतो आणि वजनावर पैसे मिळतात. ज्याच्याकडे जागा, पाणी आणि वीज आहे त्याने जरूर करावं. पण त्या पक्ष्याची पुढची पिढी पाळणाऱ्याच्या हातात कधीच नसते. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण ती खुडूक बसते, २१ दिवस अंडी उबवते आणि घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेते. पावसात घाट बंद झाला, वीज गेली, तरी तिचं काम थांबत नाही.

हा गुण रक्तातून येतो आणि रक्तातूनच जातो. बंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज या जाती अंडी आणि मांस जास्त देतात, त्यात वाद नाही. पण त्यांच्या माद्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांचा नर गावठी कोंबड्यांत मोकळा फिरला की काही पिढ्यांत उबवण्याचा गुण पातळ होतो आणि पिल्लं विकत आणायची वेळ येते.

दुसरं नुकसान आपल्या रिवाजाचं आहे. सगळ्यात तगडा कोंबडा सणाला, पाहुण्याला नाहीतर चांगला भाव देणाऱ्या गिऱ्हाइकाला जातो. उरतो तो किरकोळ, आणि तोच पुढच्या पिल्लांचा बाप होतो. शेतकरी बियाण्याला उत्तम कणसं राखून ठेवतो. कोंबड्यांत मात्र आपण नेमकं उलटं करतो.

या पक्ष्याला कमी लेखायचं कारण नाही. आपल्या सह्याद्रीत आरवणारा राखी रानकोंबडा घ्या. पाळीव कोंबड्यांत पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडून आलं, असं २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पाड्यांवरची बुसरा कोंबडी तर आज नोंदणीकृत जात आहे. ती परसातच टिकली.

करायचं काय? आठ-दहा कोंबड्यांमागे एक उत्तम कोंबडा राखा, त्याला कितीही भाव येवो. जी कोंबडी नीट उबवते आणि पिल्लं जगवते, तिचीच अंडी बसवा. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस चुकवू नका: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, दोन महिन्यांच्या आसपास टोचणी, वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

आणि वर्ष-दोन वर्षांनी कोंबडा बदला, नाहीतर भावाबहिणींचीच पिल्लं होत राहतात. बदली कोंबडा लांबून आणायला नको. आपल्या मोहल्ल्यातला शेजारच्या वाडीत द्या, त्यांचा आपल्याकडे घ्या. हिशेब चाचीने आणि वाडीतल्या काकूने आपसांत ठेवावा. त्या दोघींना तो आपल्यापेक्षा चांगला जमतो.