दळण चुकलं होतं

माझी धाकटी जाऊ हैदराबादची. लग्नात तिच्या भावानं तिला एस्प्रेसो कॉफीचं छोटं मशीन भेट दिलं. चंद्रपुरातल्या आमच्या घरात दिवसातून पाच वेळा चहाचं आधण चढतं, तिथं या मशीनचं कौतुक चार दिवस टिकलं. कॉफी आंबट आणि पाणचट व्हायची. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, एक घोट घेऊन कप बाजूला ठेवायच्या. “एवढ्या पैशांत दोन वर्षांची चहापत्ती आली असती,” असं एकदा मीही बोलून गेले. हसतच बोलले होते. पण त्याच दिवशी तिनं मशीन पुसलं, जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

वर्गात एखादी मुलगी प्रश्न विचारायची थांबली की मला दुसऱ्या दिवशी कळतं. घरात कळायला दोन महिने लागले.

एका रविवारी मीच मशीन खाली काढलं. दाणे आम्ही मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवत होतो. ती पूड मी पांढऱ्या कागदावर पसरली. काही कण रव्याएवढे, काही पिठीसारखे, मध्येच अर्धा दाणा. अम्मींचं माहेर गडचिरोलीकडचं, लहानपणी त्यांनी जात्यावर तांदूळ दळलेला. कागदाकडे बघून म्हणाल्या, “हे दळलेलं कुठंय? हे तर कुटलंय.”

अगदी तेच होतं. मिक्सरचं पातं दाणा फोडतं, दळत नाही. एस्प्रेसोत गरम पाणी हवेच्या दाबाच्या सुमारे नऊ पट जोरानं पुडीतून जातं. भरड कणांमधून ते निसटतं, त्यांचा पुरता अर्क उतरत नाही, म्हणून आंबटपणा. पिठीचा मात्र नको तितका अर्क उतरतो, तो कडू. एकाच कपात दोन्ही दोष!

भावाला फोन केल्यावर आठवड्यानं हातानं फिरवायची कॉफीची चक्की आली. आत दातेरी दोन चाकं, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करता येतं. “जातंच की हे,” अम्मी म्हणाल्या आणि चक्की मांडीवर घेऊन बसल्या.

आम्ही मोजमाप ठरवलं. पूड 18 ग्रॅम, कपात उतरणारी कॉफी 36 ग्रॅम, वेळ 25 ते 30 सेकंद. पहिली खेप 12 सेकंदांतच भरली, आंबट. चक्की दोन खुणा बारीक केली तर 50 सेकंद थेंब थेंब गळत राहिली, कडूजहर. एक खूण मागे घेतली तेव्हा 28 सेकंद. यात एकच पथ्य आहे: वजन आणि पूड दाबायचा जोर तोच ठेवायचा, बदलायचं ते फक्त दळण. आम्ही दुसऱ्या खेपेला पूडही वाढवून बसलो होतो, मग कशानं काय बिघडलं ते कळेना. दाणे जुने झाले की थोडं बारीक दळावं लागतं, हेही पुढं लक्षात आलं.

चक्की नसेल तर दुकानातून एस्प्रेसोसाठी म्हणून थोडी थोडी पूड दळून आणावी. दक्षिणी फिल्टरची पूड या कामाला भरड पडते. मशीनसोबत दुहेरी तळाची जाळी आली असेल तर मात्र तयार पूडही बऱ्यापैकी चालते. आमची साधी होती.

कॉफी परक्यांची, असं अम्मींना वाटायचं. येमेनच्या मोखा बंदरातून बाबा बुदन यांनी सात बिया चिकमगळूरच्या डोंगरावर आणल्याची कथा जावेनं त्यांना सांगितली. आपल्या विदर्भातही चिखलदऱ्याला कॉफी पिकते, ही भर माझी.

त्या 36 ग्रॅमच्या कपाकडे बघून अम्मी म्हणाल्या, “इतकीशीच?” मग त्यात अर्धा पेला गरम दूध आणि दोन चमचे साखर घातली. जावेनं काही म्हटलं नाही, फक्त माझ्याकडे बघून हसली. मी त्या चहापत्तीच्या बोलण्याबद्दल तिची माफी मागितली. “जाने दो, बाजी,” म्हणाली, आणि माझ्यासाठी दाणे मोजायला लागली.