कुरकुर करणाऱ्यांच्या हाती जबाबदारी



आमच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत गेले काही महिने एकच विषय फिरून फिरून येतो. रविवारची सकाळची मुख्य मिस्सा मराठीत असावी की इंग्रजीत? आज ती मराठीत आहे. आजी-आजोबा म्हणतात, ज्या भाषेत ‘हे आमच्या बापा’ म्हणायला शिकलो, त्याच भाषेत देवाशी बोलू द्या. तरुण आई-वडील म्हणतात, आमची मुले इंग्रजी शाळेत जातात, वाचने त्यांना कळत नाहीत; उद्या ती मिस्सेला येणारच नाहीत. आम्ही स्वयंसेवक दोन्ही घरांत जातो, आणि दोघांचेही म्हणणे आम्हाला खरे वाटते.

“मतदान घ्या आणि विषय मिटवा,” असे आता काही जण म्हणू लागले आहेत. आम्हाला ते पटत नाही. मतदानाने वेळ ठरेल. पण हरलेली बाजू आधी मागच्या बाकावर जाईल आणि मग दाराबाहेर.

यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्तसभेतही असाच पेच पडला होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 उघडून पाहा. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. प्रेषितांपुढे दोन कामे होती: वचनाची सेवा आणि पंगतीची सेवा. त्यांनी तक्रार दाबली नाही, एक काम मोठे म्हणून दुसरे टाकूनही दिले नाही. सर्वांना बोलावून त्यांनी सात माणसे निवडायला सांगितले आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले.

त्या सातांची नावे वाचताना आपण घाई करतो. स्तेफन, फिलिप यांच्यापासून अंत्युखियाच्या निकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे वाटपाच्या चाव्या बहुधा कुरकुर करणाऱ्यांच्याच हाती गेल्या, आणि इब्री विधवांचे ताटही त्यांच्यावर सोपवले गेले. केवढा हा विश्वास! मूळ ग्रीक वचनात पंगतीच्या आणि वचनाच्या दोन्ही कामांना एकच शब्द आहे: दियाकोनिया, म्हणजे सेवा. पुढे याच स्तेफनाने आणि फिलिपाने वचनाचीही साक्ष दिली.

म्हणून आमची सूचना अशी आहे: रविवारच्या मिस्सांचे वेळापत्रक ठरवण्याचे काम तरुण कुटुंबांकडेच द्यावे. अट एकच. कागदावर काही लिहिण्याआधी त्यांनी काठी टेकत येणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांच्या घरी जाऊन बसावे, चहा घ्यावा, ऐकावे.

हे आम्हाला सोपे नाही. आम्ही मराठीत प्रार्थना करणारे, मराठीत लिहिणारे. मनासारखे होणार नाही ही भीती आमच्याही पोटात आहे. पण गोव्यात 1579 साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूने परक्या लोकांची भाषा आपली केली, आणि 1616 साली त्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत छापले गेले. शिकवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता, भाषेचे कष्टही त्यांनीच घेतले. आज मुख्य मिस्सा आमच्या भाषेत आहे. तेव्हा पहिले पाऊल आम्हीच टाकायला हवे.

यानंतर ओढाताण संपेल असे नाही. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा जवळ आली की हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. प्रेषितांनाही अध्याय 15 मध्ये पुन्हा एकत्र बसावे लागले. ओढाताण आहे याचा अर्थ दोन्ही बाजूंना अजून हे घर आपले वाटते. ज्या दिवशी कोणीच कुरकुर करणार नाही, त्या दिवशी आपण बाके मोजावीत.

हे प्रभू, आमच्या कौन्सिलला ऐकणारे कान दे, आणि हातातल्या चाव्या दुसऱ्याला देण्याचे धैर्य दे. आमेन.