हिशेब वर्गात शिकवला जात होता कधी?

ऑनलाइन पदवी घेऊन हिशेब शिकता येत नाही, असं म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यात कॉमर्सचे प्राध्यापक आहेत, मुलाखती घेणारे मॅनेजर आहेत आणि ‘मुलगी घरी बसून काय दिवे लावणार’ या काळजीतले वडीलही आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, म्हणून आधी तेच नीट मांडतो. अकाउंटिंग हा हाताने करायचा विषय आहे. पानंच्या पानं रोजकीर्द लिहावी, तेरीज जुळू नये, सरांनी वहीवर वाकून चूक दाखवावी, तेव्हा कुठे नावे आणि जमा डोक्यात बसतात. हे स्क्रीनकडे बघून व्हायचं नाही. शिवाय घरबसल्या मिळालेल्या पदवीला बाजारात कोणी विचारत नाही. आणि ऑनलाइन परीक्षा म्हणजे चार पर्यायांतून एकावर टिचकी मारणं, तीही शेजारी मोबाइल ठेवून.

पदवीच्या किमतीचा आक्षेप लवकर संपणारा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी २०२० साली विनियम केले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट जाहीर केलं की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन वा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच मानली जाईल. जिथे प्रयोगशाळा किंवा रुग्णालय लागतं तिथे सवलत मिळालेली नाही. अभिमत विद्यापीठांनी विनापरवानगी पत्राद्वारे वाटलेल्या इंजिनीअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कठोर निकाल दिला होता. वैद्यक, इंजिनीअरिंग आणि कायदा हे विषय आजही ऑनलाइन पदवीच्या बाहेर आहेत. वाणिज्य त्या यादीत नाही. राहिला खासगी मालक. तो काय विचारतो, हे ज्यांनी नोकरी शोधली आहे त्यांना माहीत आहे. टॅली येतं का, जीएसटीचं रिटर्न स्वतः भरलंय का, टीडीएस कापायला जमेल का. पदवी सकाळच्या कॉलेजातली की मोबाइलवरची, हा प्रश्न त्याच्या यादीत फार खाली असतो.

खरा वाद पहिल्या आक्षेपाशी आहे, आणि त्यात एक गृहीतक लपलेलं आहे. ते असं, की आपल्याकडे हिशेब आजवर वर्गात शिकवला जात होता आणि आता तो ऑनलाइनवाल्यांनी वर्गाबाहेर काढला. इतिहास असं सांगत नाही.

मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं १९१३ साली, आणि वाणिज्य हा विद्यापीठाचा विषय झाला. पण हिशेबतपासनीस व्हायला ती पदवी कधीच पुरली नाही. मुंबई सरकारने १९१८ साली अकाउंटन्सीची सरकारी पदविका सुरू केली, तेव्हाही परीक्षा उत्तीर्ण होण्याबरोबर एखाद्या मान्य हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करावी लागे. १९४९ साली कायद्याने चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था स्थापन झाली आणि तिने हीच रीत पक्की केली. सीएचा विद्यार्थी काय करतो? संस्थेने पाठवलेली पुस्तकं घरी वाचतो, आणि दिवसा कुठल्यातरी फर्ममध्ये आर्टिकलशिप करतो. खासगी क्लास तो लावतो, पण ती त्याची मर्जी. संस्थेने त्याच्यावर कॉलेज लादलेलं नाही. पुस्तकं पोस्टाने येत तेव्हाही हेच होतं, आता ती पडद्यावर येतात तेव्हाही हेच आहे. ज्या शिक्षणाचा या देशात हिशेबाच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त दरारा आहे, ते जन्मापासून दूरस्थ आहे. प्राध्यापक मंडळी आपल्या हुशार विद्यार्थ्याला अभिमानाने तिकडेच पाठवतात, आणि ऑनलाइन बी.कॉम.चं नाव निघालं की वर्गाचं माहात्म्य सांगतात.

त्याहून आपलं, अस्सल महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे जीडीसी अँड ए. सहकार आणि लेखाशास्त्राची ही शासकीय पदविका सहकार खातं परीक्षा घेऊन देतं. पतसंस्थेतला कारकून, दूध संघातला लेखनिक, गृहनिर्माण संस्थांची दप्तरं लिहिणारा माणूस ही परीक्षा देतो. दिवसभर पतसंस्थेची कीर्द लिहायची आणि रात्री सहकार कायद्याची कलमं पाठ करायची, असा तिचा अभ्यास. त्या अभ्यासासाठी कॉलेजात नाव घालावं लागत नाही. अशाच माणसांतून पुढे पदवी आणि अनुभवाच्या जोरावर सहकारी संस्थांचे प्रमाणित लेखापरीक्षक तयार झाले. त्यांच्या हाताखालून गावोगावच्या पतसंस्थांचे ताळेबंद गेले आहेत. काही पतसंस्था बुडाल्या, हे खरं. त्या परीक्षेच्या पद्धतीने बुडाल्या, असं मात्र अजून कोणी म्हटलेलं नाही.

आता कॉमर्स कॉलेजचा वर्ग. सकाळी सातचं लेक्चर, पटावर शंभराच्या वर नावं, बाकांवर त्यांच्या निम्मीही मुलं नाहीत. हजेरीचा नियम कागदावर. आर्टिकलशिप करणारा मुलगा त्या वेळी लोकलमध्ये असतो, आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस ‘अपेक्षित’ प्रश्नांचा संच सगळ्यांना तारून नेतो. परीक्षेत विद्यार्थी पट्टीने रेघा मारून नफा-तोट्याचं पत्रक काढतो, डाव्या बाजूला टु, उजव्या बाजूला बाय लिहितो. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याला कळतं की इथे पट्टी कोणी वापरत नाही. टॅलीत व्हाउचर घातलं की पत्रक आपोआप निघतं, आणि खरी अडचण वेगळीच आहे. खरेदीच्या रजिस्टरमधली बिलं आणि जीएसटीच्या पोर्टलवर चौदा तारखेला दिसणारं २बी हे विवरण जुळत नाही, पुरवठादाराने रिटर्नच भरलेलं नाही, आणि वीस तारखेच्या आत ३बी हे रिटर्न भरायचं आहे. हे कुठल्या फळ्यावर शिकवलं होतं?

उलट हे शिकवायला पडदाच जास्त सोयीचा आहे. एक्सेल फळ्यावर शिकवता येत नाही, आणि फायनान्शियल प्लॅनिंगचा अर्धा जीव एक्सेलमध्ये आहे. एक नेहमीचं उदाहरण घ्या. विम्याची पॉलिसी: वर्षाला ५० हजार रुपये, १५ वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षाच्या अखेरीस १२ लाख मिळणार. विकणारा सांगतो, साडेसात लाख भरले आणि बारा लाख आले, म्हणजे साठ टक्के फायदा. ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. एक्सेलमध्ये एका रकान्यात हप्ते उणे चिन्हाने आणि शेवटी बारा लाख अधिक चिन्हाने घातले, आयआरआरचं, म्हणजे अंतर्गत परतावा दराचं, सूत्र लावलं, की दिसतं ते वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्याही किंचित खालचं व्याज. पॉलिसी घ्यावी की नाही हा पुढचा प्रश्न. विम्याचं संरक्षण आणि करातली सवलतही मोजायला हवी. पण हा आकडा समोर असल्याशिवाय त्या प्रश्नाला तोंडच फुटत नाही. विद्यार्थ्याने व्हिडिओ थांबवावा, स्वतः आकडे घालावेत, चुकावं, मागे जावं, पुन्हा ऐकावं. शंभर मुलांच्या वर्गात सरांना कोण थांबवणार?

इथवर मी ऑनलाइनवाल्यांचं वकीलपत्र घेतल्यासारखं वाटलं असेल. ते इथेच खाली ठेवतो, कारण दुसरी बाजू तर पहिलीपेक्षा जास्त उथळ बोलते. त्यांच्या जाहिराती वाचा. नोकरी सांभाळून पदवी, रोज फक्त एक तास, नामवंत कंपन्यांत नोकरीची हमी, आणि फी भरायला बिनव्याजी हप्ते. फोन करणारा ‘समुपदेशक’ दिवसातून चार वेळा फोन करतो. शिकवणारं विद्यापीठ एक आणि विद्यार्थी गोळा करणारी कंपनी वेगळीच, असले प्रकार इतके वाढले की शिक्षणतंत्र कंपन्यांशी फ्रँचायझी करून पदव्या देता येणार नाहीत, अशी तंबी आयोगाला जानेवारी २०२२ मध्ये द्यावी लागली.

पण फसवाफसवीपेक्षा मोठा दोष अभ्यासक्रमाच्या पोटात आहे, आणि इथे प्राध्यापकांचा तिसरा आक्षेप मला मान्य आहे. बहुपर्यायी परीक्षेत तेरीज न जुळण्याची वेळच येत नाही. चारांतलं एक उत्तर बरोबर असतंच. प्रत्यक्षात समोर कुठलाच पर्याय नसतो. ९ रुपयांचा फरक असतो आणि संध्याकाळचे सात वाजलेले असतात. अनुभवी माणूस आधी बघतो की फरकाला नवाने भाग जातो का, जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, ५४चे ४५ झाले आहेत. नवशिका तो फरक सस्पेन्स खात्यात टाकून घरी जायला निघतो, आणि मग कोणीतरी त्याला थांबवावं लागतं. थांबवणारा माणूस व्हिडिओत नाही. तो वर्गातही नव्हता, हे वर सांगितलं. तो ऑफिसात होता, नेहमीच. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आणली, पण काढून टाकली नाही.

माझं म्हणणं म्हणून एवढंच आहे. हिशेबाचं पुस्तक घरी वाचलं तर बिघडत नाही, हिशेबाचं काम घरी बसून कल्पनेत केलं तर बिघडतं. ज्याच्यासमोर आधीच खरी वही आहे, त्याला ऑनलाइन पदवी सोन्यासारखी आहे. पतसंस्थेतली लेखनिक, नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानाचं जीएसटी सांभाळणारी बाई, साखर कारखान्याच्या शेती खात्यातला कारकून, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याकडे बिलं लिहिणारा मुलगा: हे लोक दिवसा जे करतात त्याला रात्री नाव आणि कारण मिळतं. घसारा का काढायचा हे त्यांना समजतं, कारण काल त्यांनीच तो काढला होता. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते अशांसाठीच, आणि त्याची पुस्तकं मराठीत आहेत. बहुतेक खासगी ऑनलाइन पदव्या मात्र इंग्रजीतच बोलतात, आणि तालुक्याच्या गावातला विद्यार्थी विषयाला नव्हे तर भाषेला घाबरून मधेच सोडतो, याबद्दल दोन्ही पक्ष गप्प आहेत.

बारावी होऊन घरी बसलेल्या, कधी बँकेची स्लिपही न भरलेल्या मुलाला हीच पदवी द्या. तीन वर्षांनी त्याच्याकडे गुणपत्रिका असेल आणि हिशेब नसेल. त्याने कॉलेजात जावं, असंही मी म्हणत नाही. तिथेही त्याला तेच मिळेल, फक्त कॅन्टीन जास्तीचं.

फायनान्शियल प्लॅनिंगच्या बाबतीत तर स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे चूक विद्यार्थ्याच्या खिशापुरती राहत नाही, ती दुसऱ्याच्या निवृत्तीच्या पैशांपर्यंत पोचते. ‘ही पदवी घ्या आणि फायनान्शियल प्लॅनर व्हा’ ही जाहिरात अर्धं सत्य सांगते. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीच्या २०१३च्या विनियमांप्रमाणे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी लागते. त्यासाठी एनआयएसएम या संस्थेच्या एक्स-ए आणि एक्स-बी या परीक्षा आहेत, आणि ते प्रमाणपत्र मुदतीचं असतं. म्युच्युअल फंड विकून कमिशन घ्यायचं तर वेगळी परीक्षा आणि एआरएन हा नोंदणी क्रमांक; असा विक्रेता स्वतःला स्वतंत्र सल्लागार म्हणवू शकत नाही, हे सेबीने २०२० साली बजावलं आहे. फी घेणारा आणि कमिशन घेणारा यांतला हा फरक पदवीच्या पहिल्या सत्रात पहिल्या तासाला सांगायला हवा. अनेक माहितीपत्रकांत तो शेवटच्या पानावरही नसतो. पदवीने पाया घालता येतो: चक्रवाढ, करआकारणी, जोखीम, महागाईचा दर वजा केल्यावर हाती उरणारं व्याज. परवाना ती देत नाही. आणि निवृत्तीला आलेल्या मास्तरांना ग्रॅच्युइटीचे पैसे कुठे ठेवायचे हे सांगताना त्यांच्या मुलीचं लग्न, गावचं घर आणि बायकोचं दुखणं यांचा अंदाज घ्यावा लागतो. तो अंदाज कोणाच्यातरी शेजारी बसून, माणसांशी बोलताना ऐकूनच येतो.

विद्यापीठांना यावर उपाय सापडत नाही असं नाही, तो महाग पडतो. वाणिज्याच्या प्रत्येक ऑनलाइन पदवीत निदान एक सत्र एखाद्या सीए, कर सल्लागार, पतसंस्था किंवा सहकारी बँकेत प्रत्यक्ष काम सक्तीचं करावं, आणि त्याचे गुण तिथल्या माणसाने द्यावेत. हिशेबाच्या पेपरात पर्याय देऊ नयेत. बिलांचा गठ्ठा आणि बँकेचं स्टेटमेंट द्यावं आणि जुळवणी मागावी. आयोगाने हे विनियमात आणलं तर निम्म्या जाहिराती आपोआप बंद पडतील.

तोवर विद्यार्थ्यानेच हुशारी दाखवायची आहे. फी भरण्याआधी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव, दोन्ही तपासा. विद्यापीठाला मान्यता असली म्हणजे त्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला असतेच असं नाही. मग आपल्या गावातल्या कर सल्लागाराकडे जा आणि अर्धा दिवस काम मागा. रिटर्नच्या आणि ऑडिटच्या हंगामात त्यांना माणसं नेहमी कमी पडतात. पगार थोडा मिळेल, कदाचित मिळणारही नाही. ती खुर्ची मिळाली तर प्रवेश खुशाल घ्या. नाही मिळाली, तर प्रवेशाची घाई करू नका, आधी खुर्ची शोधा.