पावतीवर सही करण्यापूर्वी

गावाजवळून रस्ता किंवा कालवा जाणार अशी बातमी येते. मग शेतात मोजणीवाले येतात, मागाहून नोटीस येते आणि शेवटी मोबदल्याची रक्कम घ्यायला बोलावणे येते. त्या पावतीवर आमचे कित्येक बांधव न वाचताच सही किंवा अंगठा करतात. “सरकारच घेतंय म्हटल्यावर आपण काय करणार?” हे वाक्य आम्ही वस्त्यावस्त्यांतून ऐकत आलो आहोत. सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा अधिकार सरकारला आहे, हे खरे. पण तो मनमानीने वापरता येत नाही, हेही तितकेच खरे.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला. तरीही घटनेच्या कलम ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. नोटीस देणे, म्हणणे ऐकून घेणे, कारणे देऊन निर्णय करणे आणि रास्त मोबदला देणे हे सारे या कलमातच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

हा हक्क केवळ पैसेवाल्यांचा नाही. हिमाचल प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ साली रस्त्यासाठी एका बाईची सुमारे ३.३४ हेक्टर जमीन सरकारने घेतली. ना भूसंपादनाची कारवाई, ना मोबदला. बाई निरक्षर आणि विधवा. शेजाऱ्यांनी कोर्टातून न्याय मिळवल्याचे कळल्यावर २०१० साली तीही उच्च न्यायालयात गेली. “इतकी वर्षे जमीन आमच्या ताब्यात आहे, म्हणून ती आमचीच,” असा पवित्रा सरकारने घेतला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि मोबदला देण्याचा हुकूम केला. तेव्हा ती बाई ऐंशी वर्षांची होती. न्याय मिळाला, पण अर्धे शतक गेले. आमच्या माणसांवर ही पाळी येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्रजांच्या वेळचा १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू झाला. प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. जमिनीची किंमत, तिच्यावरील घर, विहीर, झाडे यांची किंमत आणि या सगळ्याइतकीच दिलासा रक्कम, असा मोबदला ठरतो. म्हणजे हिशेब ५ लाखांचा झाला, तर दिलासा रकमेसह तो १० लाख होतो. म्हणून पंचनाम्यात विहीर आणि प्रत्येक झाड लिहून घ्यावे. जे कागदावर नाही, त्याचे पैसे नाहीत.

आता महत्त्वाची गोष्ट. रक्कम कमी वाटली तरी ती घेता येते. मात्र घेताना “हरकत राखून रक्कम स्वीकारली” असे लिहून मगच सही करावी. तसे न लिहिता पैसे घेतले, तर वाढीव मोबदला मागण्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या दिवसापासून ६ आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतली जी मुदत आधी संपेल ती धरावी. काम राष्ट्रीय महामार्गाचे असेल तर वाद लवादाकडे जातो. त्याची रीत वेगळी, ती वकिलाला विचारावी.

आमच्या अनेक कुटुंबांची जमीन वतनाची आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने गेली आणि जमिनी शर्तीवर परत मिळाल्या. त्यामुळे सात-बाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे असते. त्यावर बोट ठेवून कोणी म्हणेल, “ही तर सरकारचीच.” ऐकू नका. वर्ग २ चा भोगवटादारही मोबदल्याचा हक्कदार आहे. काही वजावट सांगितली, तर ती कोणत्या नियमाने, हे लेखी मागा.

दुसरी अडचण घरातलीच असते. सात-बाऱ्यावर अजून आजोबांचे नाव आणि आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली! नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने निघते आणि कळते ते एखाद्याच भावाला. तलाठ्याकडे वारस नोंद आजच करा. तीत आईचे आणि बहिणींचे नाव घाला. सासरी गेली म्हणून बहिणीचा वाटा जात नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही त्यात स्थान मिळाले आहे. जातीचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जावे.

ज्या घरी नोटीस आली असेल, तिथल्या शिकलेल्या मुलामुलींनी ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि तिची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडावी. ६ आठवडे त्या दिवसापासून मोजायचे आहेत.